कासारवाडीचा समुद्र

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसलात, की शिवाजीनगर, खडकी, दापोडी अशी स्थानके मागे टाकीत गाडी कासारवाडीला येते. येथे उतरणारे लोक पुष्कळ. पण कासारवाडी पाहायला म्हणून उतरलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही. पाहण्यासारखे येथे आहे तरी काय? रेल्वेचे रूळ, जवळूनच जाणारा जुना मुंबई-पुणे रस्ता, त्याला नाशिककडे फुटणारा फाटा, आणि ६ मार्च २०२२ पासून डोक्यावरून धावणारी मेट्रो. एका अंगाला पवना नदी, दुसऱ्या अंगाला भोसरीचे कारखाने. सगळे जग कासारवाडीवरून कोठे ना कोठे जात असते. आम्ही काही मंडळी तेवढी येथे राहतो.

तरीही वाचकहो, कासारवाडीला समुद्र आहे! तो आमच्या घरी, दिवाणखान्याच्या खिडकीखाली आहे. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि सव्वा फूट खोल. त्यात भरती-ओहोटी नाही आणि गलबते नाहीत. पण खेकडे आहेत, आणि समुद्राला लागणारे भांडणतंटेही आहेत. हा समुद्र कसा आला, त्याने आम्हाला काय काय शिकवले, ते या दिवाळीच्या निमित्ताने सांगावेसे वाटते.

आम्ही मूळचे हर्णैचे. समोर सुवर्णदुर्ग, अलीकडे कनकदुर्ग, आणि दिवस मावळायला लागला की वाळूवर मासळीचा लिलाव. अशा गावात मी वाढलो. १९८१ साली पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागलो, आणि कासारवाडीत बिऱ्हाड केले ते आजतागायत. वडील गेले तरी आई हर्णै सोडायला तयार नव्हती. "तुझ्या गावाला वास नाही," एवढेच तिचे कारण. पण दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात ती पडवीत घसरली, खुब्याचे हाड मोडले, आणि शस्त्रक्रियेनंतर तिला इकडे आणण्यावाचून इलाज उरला नाही. बरोबर काय आले? चार लुगडी, देवघरातला बाळकृष्ण, आणि एक पत्र्याचा जुना डबा. त्या डब्यात काय आहे, हे तिने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

पहिल्याच सकाळी डोळे उघडताच तिने विचारले, "आज भरती किती वाजता रे?"

मी काय सांगणार? चौदा वर्षांचा नातू मात्र हुशार. त्याने मोबाइलवर हर्णैचे भरतीचे वेळापत्रक काढले आणि पणजीला वेळ सांगितली. ती समाधानाने उठून बसली. मग हा रोजचा नेमच झाला. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या या बाजूला, आमच्या घरात रोज सकाळी भरतीची वेळ पुकारली जाऊ लागली. पण रात्री तिला झोप येईना. लोकलचा आवाज होतो म्हणून नव्हे. समुद्राचा होत नाही म्हणून. नातवाने हे मनावर घेतले आणि एक दिवस जाहीर केले, "आबा, आपण घरात समुद्र करू या."

मला पटकन तारापोरवाला मत्स्यालय आठवले. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलेले ते मत्स्यालय मी लहानपणी वडिलांचे बोट धरून पाहिले होते. पण तेथे समुद्र दाराशी होता. कासारवाडीत तो आणायचा कोठून? नातवाने सांगितले की समुद्रापासून दूर राहणाऱ्यांची ही अडचण फार जुनी आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली लोकांसाठी मत्स्यालय उघडले. त्या काळी हा छंद घरोघर पोहोचवणारा फिलिप हेन्री गॉस नावाचा निसर्गअभ्यासक होता. त्याने क्षार पाण्यात कालवून कृत्रिम समुद्राचे पाणी करून पाहिले. आजही तेच करायचे. फक्त क्षारांचे मिश्रण पुड्यात तयार मिळते.

हिशेब साधा होता. एका लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार. टाकी दोनशे लिटरची, म्हणजे सात किलो. स्वयंपाकघरातले मीठ चालत नाही, कारण ते जवळजवळ नुसते सोडियम क्लोराइड. समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम अशी बरीच मंडळी असतात, आणि कॅल्शियमवाचून खेकड्याने कवच कशाचे करावे? खरी पंचाईत पाण्याची झाली. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरात दिवसाआड पाणी सुरू झाले, तेव्हापासून सूनबाई थेंबाथेंबाचा हिशेब ठेवते. तिच्या देखत दोनशे लिटर गोडे पाणी गाळून त्यात मीठ कालवणे, याला काळीज लागते. गाळणीतून वाया जाणाऱ्या पाण्याने रोज फरशी पुसून देण्याच्या अटीवर परवानगी मिळाली.

टाकी भरली, दगड रचले, वाळू घातली. दगड साधे, सुके, पोवळे नाही. आपल्याकडे २००१ पासून पोवळ्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे; ती समुद्रातून काढणे गुन्हा आहे. एवढे झाल्यावर नातू म्हणाला, आता सहा आठवडे थांबायचे. आई रोज त्या रिकाम्या पेटीसमोर बसून विचारी, "मासे कुठायत?" नातवाने समजावले : प्राण्यांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो विषारी. एका जातीचे जंतू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट करतात, ते बरेच सौम्य. हे जंतू दगडा-वाळूत वाढेपर्यंत दम धरायचा.

आई म्हणाली, "असं सांग की. विरजण लागायला हवं."

इतक्या थोड्या शब्दांत हे शास्त्र मी दुसरीकडे कोठे वाचलेले नाही.

विरजण लागले, आणि बिऱ्हाडे आली. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन विदूषक मासे, एक लाल पाठीची कोळंबी, दहा गोगलगायी आणि सहा शंखातले खेकडे. मासे समुद्रातून पकडलेले नव्हते, टाकीत जन्मलेले होते. केरळातील विळिंजम येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रात या माशांची पैदास करण्याचे तंत्र बसवले गेले आहे. शंखातल्या खेकड्यांचे काम झाडूवाल्याचे. उरलेसुरले अन्न आणि शेवाळ खाऊन तळ साफ ठेवायचा.

पहिला अपघात होता होता टळला, तो आईच्या हातून. टाकीतल्या पाण्याची वाफ होते, मीठ मागेच राहते. म्हणून घट भरून काढायची ती गोड्या पाण्याने. आईने आपण होऊन देवघरातला तांब्या बुडवला, आणि नातू किंचाळला, "पणजी, तांब्या नको!"

तांबे हे खेकड्याला विष. माशांच्या रोगावरची काही औषधे तांब्याची असतात, त्याने मासा बरा होतो आणि त्याच टाकीतले खेकडे, कोळंब्या, गोगलगायी मरतात. खारट पाण्यात तांबे-पितळेचे भांडे ठेवले तर धातू झिजून पाण्यात उतरतो. कासार म्हणजे बांगड्यांचे आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांचे व्यापारी. आणि ज्या गावाने त्यांचे नाव लावले, त्या गावात आम्ही तांब्याला सोवळ्याबाहेर बसवले! पुढची मौज अशी, की खेकड्याच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य तांब्याचेच असते. आपले रक्त लोखंडाने तांबडे, त्याचे तांब्याने निळसर. थोडे असेल तर जीव, फार झाले तर मरण. आईने तांब्या पुसून देवापुढे ठेवला आणि प्लॅस्टिकचा मग घेतला.

मग गोगलगायी मरू लागल्या. दहाच्या आठ झाल्या, सात झाल्या. एका रात्री नातवाने विजेरी लावून पाहिले, तर एक खेकडा गोगलगायीला तिच्या शंखातून ओढून काढीत होता. पोर संतापले. पण खुनाचे कारण भूक नव्हती, घर होते. शंखातल्या खेकड्याला स्वतःचा शंख नसतो. पुढचे अंग कठीण, पण पोट मऊ आणि पिळलेले. ते दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात खुपसून तो जगतो. अंग वाढले की शंख अपुरा पडतो, आणि मोठा शंख मिळाला नाही तर तो दुसऱ्याच्या दारात उभा राहतो. समुद्रकाठी एखादा मोठा रिकामा शंख लाटेने आला, की हे खेकडे लहान-मोठ्या क्रमाने रांग लावतात. पहिल्याने नव्या शंखात उडी घेतली की दुसरा त्याच्या शंखात, तिसरा दुसऱ्याच्या; एका रिकाम्या शंखाने सगळी रांग सुखी होते.

हे ऐकले आणि मला आमची १९८१ सालची खोली आठवली. कासारवाडीत दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा जण राहत होतो. तीन पाळ्यांत कामाला, तीन पाळ्यांत झोपायला. एक उठला की दुसरा त्याच गादीवर. एकाचे लग्न ठरून त्याने चाळीत खोली घेतली, की त्याची खिडकीजवळची जागा दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला. सगळ्यांत धाकटा मी. माझ्याकडे दाराजवळची जागा तीन वर्षे होती. आम्ही कोणी कोणाचा जीव घेतला नाही. पण बादलीवरून हाणामारीपर्यंत गोष्ट गेली होती. आम्ही वाईट माणसे नव्हतो. जागा कमी होती.

नातवाने दुकानातून निरनिराळ्या मापांचे बारा रिकामे शंख आणून टाकीत पसरले. गोगलगायींचे मरण थांबले.

डिसेंबरात हर्णैचे घर पाहून यायचे ठरले. ताम्हिणी घाट उतरून माणगाव, आंबेत, मंडणगड, दापोली असा रस्ता. आईला प्रवास झेपणारा नव्हता. "अमावास्येला जा, ओहोटी लांबवर असेल," एवढे तिने सांगितले. ते खरेच होते. अमावास्येला आणि पौर्णिमेला उधाण. भरती चढते तशीच ओहोटीही खोल उतरते. अष्टमीला भांग, तेव्हा पाणी धड येतही नाही आणि जातही नाही. कनकदुर्गाच्या पायथ्याच्या खडकांत पाणी उतरले, आणि खळग्याखळग्यांत समुद्र साठून राहिला. एका परातीएवढ्या खळग्यात आम्ही अर्धा तास पाहत बसलो. समुद्रफूल बोटे पसरून होते. दोन शंखातले खेकडे, चिमुकले मासे, खडकाला चिकटलेल्या गोगलगायी, आणि कपारीतून डोळ्यांच्या काड्या वर करून पाहणारे खेकडे. सगळे एकत्र, आणि सगळे एकमेकांना खाऊ शकणारे! पण सहा तासांनी भरती येणार होती. ज्याला नको असेल त्याने निघून जावे. आमच्या टाकीत ही सोय नव्हती, हे तेव्हा लक्षात यायला हवे होते.

नातवाने अंगठ्याच्या नखाएवढा एक खेकडा बाटलीत घालून घेतला. "पणजीला हर्णैचा पाहुणा," तो म्हणाला. मी नको म्हणायला हवे होते, म्हटले नाही.

आईला त्या खेकड्याचा कोण आनंद! विदूषक मासे तिच्या लेखी परप्रांतीय; हा मात्र गावचा. ती त्याच्याशी बोले. तो दगडाखाली बसून तिरके तिरके बाहेर येई, चिमट्याने वाळू उचलून तोंडाशी नेई. फाल्गुनात एका सकाळी नातू रडकुंडीला आला : खेकडा उलटा पडलेला, पाय पसरलेले, हालचाल नाही. त्याने चिमट्याने बाहेर काढला तर हलका, कागदासारखा.

आईने तो तळहातावर घेतला, उन्हाकडे धरला आणि हसली. "मेला नाही रे. हे त्याचं जुनं आंगडं. आज तिथी कोणती? परवा पौर्णिमा झाली ना? आता तो मऊ झालाय. दगड उचलू नकोस. कुणाला दिसायचं नाही असं त्याला बसू दे."

कोकणात म्हणतात, अमावास्येची कुर्ली भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ. प्रत्येक खेकडा पंचांग पाहून कात टाकतो असे नव्हे. पण नुकती कात टाकलेल्या खेकड्यात मांस कमी आणि पाणी फार, हे मात्र खरे. कवच ताणत नाही, म्हणून वाढायचे तर ते टाकावेच लागते. आणि नवे कठीण होईपर्यंत जगातल्या सगळ्यांत बलिष्ठ खेकड्यालाही कोळंबी भारी पडते. तुटलेला चिमटाही तो याच वेळी पुन्हा उगवून आणतो. चार दिवस आईने टाकीसमोर पहारा दिला. पाचव्या दिवशी खेकडा बाहेर आला, चांगला दिडीने मोठा होऊन.

श्रावणापर्यंत आणखी दोन कवचे पडली. आणि एका सकाळी एक विदूषक मासा नाहीसा झाला. शेपटीकडचा तुकडा तेवढा दगडापाशी सापडला. मासे रात्री एका कोपऱ्यात जवळजवळ निश्चल असतात, आणि खेकडा रात्री हिंडतो. दुसरा साक्षीदार लागत नव्हता.

घरात न्यायालय बसले. चिरंजीव म्हणाले, त्याला पवनेत सोडा. समुद्राच्या जिवाला नदीच्या गोड्या पाण्यात सोडणे म्हणजे फाशीच. सूनबाई म्हणाली, रस्सा करा. तो थट्टेवारी गेला. मी म्हटले, हर्णैला परत नेऊन सोडू. नातू मान हलवीत म्हणाला, "नाही आबा. तो परमुलखाच्या प्राण्यांबरोबर राहिलाय. त्यांचा रोग याच्याबरोबर तिथल्या समुद्रात गेला तर? टाकीतला जीव परत समुद्रात सोडायचा नसतो." मला हे लागले. म्हणजे एकदा गाव सोडले की परतीची वाटच नाही, असा त्याचा अर्थ. मी आईकडे पाहिले नाही.

आईने नातवाला विचारले, "तू त्याला जेवायला काय देत होतास?"

"सगळ्यांना तेच. वरून चूर्ण."

"ते खाली पोचेपर्यंत मासे ठेवतात काय? उपाशी ठेवलंस आणि वर चोर म्हणतोस?"

पोर खाली मान घालून बसले. पण आई तेथेच थांबली नाही. "पोट भरलं म्हणून तो देवमाणूस होणार नाही. मोठा झाला तो आता. वेगळी चूल मांडून दे त्याला."

आईने सांगितले तेच शहाणे लोक करतात. विक्रीसाठी मोठ्या चिंबोऱ्या पोसणारे कित्येक शेतकरी प्रत्येक चिंबोरीला वेगळ्या पेटीत ठेवतात. कारण शेजारीण कात टाकून मऊ पडली की पहिली तिला सोडीत नाही. मी रविवारी चाळीस लिटरची छोटी टाकी आणली, मोठ्या टाकीशेजारी ठेवली. आता त्याला रोज संध्याकाळी कोळंबीचा तुकडा तळाशी मिळतो. मधली काच दोन्हीकडून स्वच्छ आहे. तो तिकडचे पाहतो, तिकडचे त्याला पाहतात, आणि कोणी कोणाला खात नाही. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला यावर अधिक सांगायला नको.

गेल्या दिवाळीची गोष्ट सांगून संपवतो. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ, म्हणजे अमावास्याच. फराळाचे ताट नातवाच्या हाती देऊन आईने तो पत्र्याचा डबा मागितला. पूजेसाठी काही असेल असे आम्हाला वाटले. डब्यात कवड्या होत्या, शिंपल्या होत्या, लाटांनी घासून गुळगुळीत झालेले दगड होते, आणि एक जाडसर गोल तोंडाचा शंख, लिंबाएवढा. लग्न होऊन हर्णैला आल्यावर पहिल्या ओहोटीला तिला सापडलेला. साठावर वर्षे त्या डब्यात होता.

"तो थोरला बघ," ती शंखातल्या खेकड्यांतल्या सर्वांत मोठ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "महिनाभर बघतेय. पाय आत मावत नाहीत त्याचे. तुमच्या बारांतला एकही त्याला होत नाही."

"अगं आई, हा तुझा—"

"मला डब्यात घालून काय करायचाय?"

सूनबाईने शंख पाण्यात उकळून दिला. गार झाल्यावर नातवाने पणजीचा हात धरून तो टाकीत सोडायला लावला. बाहेर फटाके वाजत होते, म्हणून टाकीवर चादर टाकून आम्ही एका कडेने पाहत बसलो. थोरला आला. त्याने शंख चिमट्यांनी चाचपला, तोंडात पाय घालून खोली मोजली, उलटा केला, सुलटा केला, सोडून गेला. पुन्हा आला. पाऊण तास हा व्यवहार चालला; एखादा कासारवाडीकर सदनिका घेताना याहून कमी चौकशी करतो. मग एका क्षणात जुन्या शंखातून ते मऊ, पिळलेले अंग बाहेर आले आणि नव्यात गेले. डोळ्याचे पाते लवले असते तर दिसले नसते. काही वेळाने त्याच्या जुन्या शंखापाशी दुसरा येऊन उभा राहिला.

आई काही बोलली नाही. पणत्या विझल्यावर तिला आत नेताना मी विचारले, "उद्याची भरती किती वाजता, बघू का?"

"नको," ती म्हणाली. "सकाळी बघू. आता झोप आलीय."